वैनगंगेवर न आलेला साहेब



या वेळची गोष्ट एका प्रश्नापासून सुरू होते, आणि तो प्रश्न माझा नाही. आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीचा आहे.

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. शेवटच्या तासाला मी गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवतो. त्या दिवशी 'जंगल बुक' चालू होतं. उन्हाळ्यात पाणी आटलंय आणि सगळी जनावरं नदीवर येताहेत, असा भाग आला. मी नदीचं नाव वाचलं, वैनगंगा. झालं! सतरंजीवर बसलेली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं खिडकीबाहेर बोट दाखवून विचारलं, "हीच?"

"हीच," मी म्हटलं, "पण जरा वरची. सिवनीकडची."

ज्यांना वैनगंगा ठाऊक नाही त्या पुण्या-मुंबईच्या वाचकांनी जरा नकाशा काढावा. मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात मुंडारा नावाच्या गावाजवळ ती निघते. बालाघाटकडून खाली येते, आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या कडेकडेने वाहते, बाघ नदीला सोबत घेते. मग भंडारा करत चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाते आणि वर्धा नदीला भेटते. पुढे त्या दोघींची प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. तर मोगली हा आमच्याच नदीच्या माहेरचा मुलगा. शेजारच्या गावचाच म्हणा ना!

वर्गात नुसता गलका झाला. तेवढ्यात ती मुलगी उठून उभी राहिली. "गुरुजी, ज्यानं लिवलं तो मानूस आपल्या नदीवर आला होता का?"

मला उत्तर आलं नाही. मास्तराला 'येत नाही' म्हणणं फार जड जातं, बरं का. "पुढच्या शनिवारी सांगतो," असं म्हणून मी वेळ मारून नेली. तो पुढचा शनिवार यायला दोन महिने लागले! उन्हाळ्याच्या सुट्टीत गोंदियाला जाऊन पुस्तकं आणली, वाचली, टिपणं काढली. आणि शाळा उघडल्यावर त्या मुलीला, ती आता पाचवीत गेली होती, व्हरांड्यात गाठून सांगितलं, "नाही. तो आला नव्हता."

त्याचं नाव रुडयार्ड किपलिंग. इंग्रज माणूस, पण जन्म आपल्या मुंबईतला, 30 डिसेंबर 1865 चा. त्याचे वडील सर जे. जे. कला शाळेत शिल्पकला शिकवायचे. मुंबईला गेलात तर क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या दारावर दगडात कोरलेली शेतकऱ्या-कष्टकऱ्यांची चित्रं बघा. ती याच्या वडिलांच्या हातची. लहानपणी रुडयार्डला सांभाळायला आया होती, एक गडी होता. त्यांच्याशी तो त्यांच्याच भाषेत बोले. आई-वडिलांच्या खोलीत जाताना नोकर बजावत, आता इंग्रजीत बोला हं! आणि मग तो मनातल्या मनात भाषांतर करत अडखळत इंग्रजी बोले. आमच्या सालेकसा-देवरीकडची गोंडी बोलणारी मुलं पहिलीत मराठी बोलताना अडखळतात ना, अगदी तसाच.

सहा वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा त्याला आणि तीन वर्षांच्या धाकट्या बहिणीला इंग्लंडला नेऊन एका परक्या कुटुंबाकडे ठेवलं. हवा मानवावी, शिक्षण व्हावं म्हणून. साहेब लोकांची तशी पद्धतच होती. आई-वडील मुलांना नीट न सांगताच परत गेले. त्या घरात त्याने मार खाल्ला, बोलणी खाल्ली, आणि ते साडेपाच-सहा वर्षं चाललं. आश्रमशाळेत राहणाऱ्या माझ्या वाचकांना, पहिल्या रात्री कसं वाटतं ते मी सांगायला नको. लांडग्यांनी वाढवलेलं, घर हरवलेलं पोर या माणसाला का सुचलं असेल, याचा मी त्या सुट्टीत पुष्कळ विचार केला.

सतरावं लागता लागता तो हिंदुस्थानात परतला. लाहोरला आणि मग अलाहाबादला वर्तमानपत्रांत काम केलं, 1889 साली देश सोडला आणि पुढे लग्न करून अमेरिकेत राहिला. 'जंगल बुक' त्याने तिथे लिहिलं. व्हरमाँट नावाच्या राज्यात हिवाळ्यात दारापर्यंत बर्फ साचतं, तिथे बसून त्याने वैनगंगेच्या उन्हाळ्याचं वर्णन केलं! पहिला भाग 1894 साली आला, दुसरा 1895 साली.

मग त्याला माहिती कुठून मिळाली? रॉबर्ट स्टर्नडेल नावाचा एक इंग्रज अधिकारी सातपुड्याच्या या भागात राहिला होता. त्याने सिवनीच्या जंगलावर 1877 साली पुस्तक लिहिलं. किपलिंगने त्याचा चांगलाच उपयोग केला. म्हणजे बघा, एकाने पाहून लिहिलं आणि दुसऱ्याने ते वाचून लिहिलं. जगाला मात्र दुसराच ठाऊक झाला.

आणि वाचून लिहिलेलं असूनही त्यात पुष्कळ काही बरोबर आहे, हे कबूल करायलाच हवं. हिवाळ्यातला पाऊस चुकला म्हणून मोहाला फुलंच आली नाहीत, असं त्या उन्हाळ्याच्या गोष्टीत आहे. हे वाचल्यावर वर्गातली निम्मी पोरं "हो, हो" म्हणाली. चैत्रात पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जाणाऱ्या पोरांना ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नदीतला एक खडक पाण्याबाहेर दिसायला लागला की हत्ती जाहीर करतो, आता पाण्यावर कुणी कुणाला मारायचं नाही. वाघाने हरणाला नाही आणि कुणीच कुणाला नाही. तहान सगळ्यांची सारखी. ही कल्पना मला इतकी आवडली की शाळेच्या नळावर रांग मोडणाऱ्यांना मी अजून तीच गोष्ट ऐकवतो.

दुसऱ्या एका गोष्टीत हत्ती गावात शिरून घरं पाडतात, पिकं तुडवतात आणि गाव उठून जातं. 2022 साली आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात रानहत्तींचा कळप आला, घरांची आणि धानाची नासाडी झाली. त्या वेळच्या बातम्या मुलांनी ऐकलेल्या होत्या, त्यामुळे ही गोष्ट वाचताना वर्ग अगदी चिडीचूप. याच गोष्टीत एक गोंड म्हातारा येतो. तुझे देव आमच्यावर कोपले का, असं गावकरी त्याला विचारतात. तो बोलत काहीच नाही. रानकारल्याचा एक वेल तोडतो आणि देवळाच्या दारावर आडवातिडवा बांधून निघून जातो. म्हणजे, आता इथे रान येणार, तुम्ही निघा. गोंड हे या भूमीचे मूळ मालक, असंही किपलिंगने तिथे लिहून ठेवलंय. हे वाचल्यावर वर्गातली दोन-तीन मुलं जरा ताठ बसली. मी बघत होतो.

पण मित्रांनो, त्याच गोष्टीत आणखी एक गंमत आहे. गंमत कसली, मेखच आहे ती. मोगलीला जीव लावणारी मेसुआ नावाची बाई आहे. तिच्यावर करणीचा आळ घेऊन गावकरी तिला जाळायला निघतात. मोगली तिला सोडवतो. मग ती आणि तिचा नवरा पळून कुठे जातात? कान्हीवाड्याला. का, तर तिथे इंग्रज आहेत, आणि ते पुराव्याशिवाय कुणाला जाळू-मारू देत नाहीत! कळलं का? गाव अडाणी, गावकरी क्रूर, आणि न्याय हवा असेल तर साहेबाकडे जा. हे सगळं लांडग्या-अस्वलांच्या गोष्टीत इतकं बेमालूम बसवलंय की मी स्वतः लहानपणी वाचलं तेव्हा मला काही कळलं नव्हतं. किपलिंगने आणखी एक गोष्ट 1893 साली लिहिली होती. तिच्यात मोठा झालेला मोगली काय करतो सांगा पाहू? इंग्रज सरकारच्या जंगल खात्यात नोकरीला लागतो, पेन्शनसकट! ज्याने वाघाला लोळवलं तो शेवटी साहेबाचा वनरक्षक झाला.

हे त्याच्या मनातलंच होतं. गोऱ्या लोकांनी जगावर राज्य करावं, ते त्यांचं कर्तव्यच आहे, ते एक ओझं आहे आणि त्यांनी ते उचलावं, अशा अर्थाची कविता त्याने 1899 साली लिहिली. ती अमेरिकेला उद्देशून होती. अमेरिका तेव्हा फिलिपाईन्स बेटं ताब्यात घेत होती. 1907 साली त्याला साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळालं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिळालेलं ते पहिलं नोबेल. वय अवघं 41. इतक्या तरुणपणी साहित्याचं नोबेल आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही. त्याचा सख्खा मावसभाऊ स्टॅन्ली बाल्डविन तीन वेळा इंग्लंडचा पंतप्रधान झाला. असल्या माणसाचा शब्द किती लांब जात असेल!

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मी वर्गातही दोनदा थांबलो होतो. 13 एप्रिल 1919 रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने नि:शस्त्र माणसांवर गोळ्या घालायला लावल्या. सरकारी आकडाच 379 मृतांचा होता आणि खरा त्याहून पुष्कळ मोठा असल्याचं आपले लोक सांगत होते. डायरला नोकरी सोडावी लागली. तेव्हा इंग्लंडमधल्या 'मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्राने त्याच्यासाठी निधी उभारला आणि 26 हजार पौंडांच्या वर रक्कम जमली. त्या निधीत पैसे देणाऱ्यांमध्ये रुडयार्ड किपलिंग होता.

वर्गात कुणी काही बोललं नाही.

इंग्रज सगळेच तसे होते असं मात्र नाही हं. 1920 च्या जुलैमध्ये पार्लमेंटात विन्स्टन चर्चिलने डायरच्या कृत्याचा कडक शब्दांत धिक्कार केला. हा चर्चिल पुढे पंतप्रधान झाला आणि 1953 साली साहित्याचं नोबेलही घेऊन गेला. पण हाच चर्चिल आपल्या स्वातंत्र्याच्या मात्र कायम आडवा आला. माणसं सरळ रेषेत नसतात, आपल्या वह्यांतल्या समासासारखी.

तिसऱ्या दिवशी एक पालक शाळेत आले. हातात धानाचा वास येणारी पिशवी, चेहरा रागावलेला. "गुरुजी, डायरले पैसे देणाऱ्या मानसाचं पुस्तक आमच्या पोरायले कायले वाचून दाखवता? आपले लेखक मेले का?"

खोटं कशाला सांगू, मला राग आला नाही. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हटलं, "दादा, ही गोष्ट मी लपवली असती तर तुम्हाला कळलीच नसती. पोरांनी घरी येऊन सांगितली, कारण मी वर्गात सांगितली." ते म्हणाले, "मग पुस्तक बंद करा." मी म्हटलं, "विचार करतो."

आणि खरंच केला. आमच्या शाळेत कबचं पथक आहे. निळी टोपी घालून कवायत करणाऱ्या तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे, की 1916 साली बेडन-पॉवेल या इंग्रज सेनाधिकाऱ्याने लहान मुलांची कब पथकं काढली, तेव्हा किपलिंगच्या परवानगीने मोगलीच्या गोष्टीतूनच नावं घेतली? कबच्या अभ्यासक्रमात अजून मोगलीची गोष्ट असते. तुमच्या आई-बाबांना विचारा, 1993 साली दूरदर्शनवर रविवारी मोगलीची कार्टून मालिका लागायची. सगळा गाव एका टीव्हीपुढे! पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलं म्हणून मोगली जाणार कुठे? तो येणारच. मग तो आला की आपण त्याला सगळं विचारायचं, का घाबरून बसायचं?

तरी 'आपले लेखक मेले का' हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. पुढच्या शनिवारी मी दुसरी पुस्तकं घेऊन गेलो. व्यंकटेश माडगूळकर आमच्या नागझिऱ्याच्या जंगलात येऊन राहिले आणि त्यांनी 'नागझिरा' हे पुस्तक लिहिलं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला वर्षानुवर्षं होते. पक्ष्यांची नावं त्यांनी रानातल्या माणसांकडून गोळा केली. 2025 साली ते वारले तेव्हा आम्ही परिपाठात त्यांच्या पुस्तकातलं एक पान वाचलं. या दोघांवर एकदा वेगळं लिहीन.

पण त्या शनिवारी मी आणखी एका इंग्रजाची गोष्ट सांगितली. व्हेरिअर एल्विन. जन्म 1902, इंग्लंडमधल्या डोव्हरचा. ऑक्सफर्डला शिकलेले. 1927 साली पुण्यात आले ते ख्रिस्ती धर्मसेवक म्हणून. गांधीजींना भेटले आणि त्यांचेच झाले. साहजिकच इंग्रज सरकारच्या डोळ्यांत खुपू लागले. 1932 साली ते शामराव हिवाळे या मराठी मित्राबरोबर मंडला भागातल्या करंजिया या गोंडांच्या खेड्यात जाऊन राहिले. मातीचं घर. शाळा काढली, दवाखाना काढला. लोक एल्विनना 'बडा भाई' म्हणायचे आणि हिवाळ्यांना 'छोटा भाई'. तिथल्या रोजच्या दिवसांची डायरी त्यांनी 1936 साली पुस्तकरूपाने छापली. 1939 साली बैगा लोकांवर मोठा ग्रंथ लिहिला. बैगांची वस्ती इथून फार लांब नाही, बालाघाटच्या बैहरकडे गेलात तर भेटतील. दोघा मित्रांनी मैकल डोंगरातली लोकगीतं गोळा केली. छोट्या भाईंनी परधान लोकांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, ते आज फारसं कुणाला आठवत नाही याचं मला वाईट वाटतं. देश स्वतंत्र झाल्यावर एल्विन परत गेले नाहीत. 1954 साली ते भारताचे नागरिक झाले. ईशान्य सीमेवरच्या आदिवासींसाठी सरकारचे सल्लागार होते, 1961 साली पद्मभूषण मिळालं. 1964 साली ते गेले, आणि त्यांच्या आत्मचरित्राला त्यानंतर, 1965 साली, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

तेवढ्यात एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, त्याले 'तो' म्हनता अन् ह्याले 'ते' कायले?"

पकडलं की नाही मला! खरंच, किपलिंगला मी सगळीकडे 'तो' म्हणत होतो. या लेखातही तसंच झालंय, वर बघा. आता खोडत नाही.

मग मुलांना हेही सांगितलं, की बडा भाईंनी एका गोंड मुलीशी लग्न केलं होतं, काही वर्षांनी ते मोडलं. ते मोठे होत गेले, ती मागे खेड्यात गरिबीत राहिली. मुली यावर बराच वेळ बोलत होत्या. किपलिंगबद्दलही एक राहून गेलं होतं. त्याचा एकुलता एक मुलगा जॉन. डोळे अधू, म्हणून सैन्यात घेत नव्हते. बापाने ओळख लावून घ्यायला लावलं. 1915 साली, वयाच्या 18 व्या वर्षी, पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये मारला गेला. बापाच्या हयातीत त्याचा देहसुद्धा सापडला नाही. किपलिंगच्या पुस्तकांवर स्वस्तिकाचं चिन्ह असायचं, ते त्याने आपल्या देशातून नेलेलं. जर्मनीत हिटलरच्या पक्षाने ते आपलं म्हणून मिरवायला सुरुवात केली, तेव्हा त्याने ते काढून टाकायला सांगितलं. 1936 च्या जानेवारीत तो वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याची रक्षा पुरली, तेव्हा शववस्त्राला हात लावून चालणाऱ्यांत पंतप्रधान बाल्डविन होते.

पुस्तक मी बंद केलं नाही. पण आता वाचताना मेसुआ कान्हीवाड्याला निघाली की थांबतो आणि विचारतो, "ती आणखी कुठे जाऊ शकली असती?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात. 'माहेरी', 'पोलीस पाटलाकडे', 'त्या गोंड आजोबांच्या पाड्यावर'. एकाने तर तिला थेट बाघ नदी उतरवून आमच्या गावी आणलं आणि स्वतःच्या आजीकडे ठेवलं. तुम्हाला काय वाटतं ते पोस्टकार्डावर लिहून पाठवा. पालकांनीही लिहिलं तरी चालेल.

आणि हो, कान्हीवाडा खरंच आहे. पोरांना खरं वाटेना, म्हणून नकाशात दाखवलं. गोंदियाहून गाडीने नैनपूर, आणि तिथून सिवनीकडच्या रेल्वेवर कान्हीवाडा स्टेशन. पोरांनी सहलीचा हट्ट धरलाय. राज्याबाहेर जायचं म्हणजे वरून परवानगी लागते. अर्ज केला आहे, बघू. पालकांकडे संमतीपत्रं पाठवली, त्यांतलं पहिलं सही होऊन आलं ते त्या धानाच्या पिशवीवाल्या दादांचं. खाली पेन्सिलीने विचारलं होतं, मोठ्या माणसाला तिकीट किती पडते?

तुमचा,
गुरुजी